व्हिडिओ खेळयंत्रांचे संगणकीय अनुकरण

दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाच्या जुन्या खेळयंत्रांचे कार्य आधुनिक संगणकावर केवळ आज्ञावलीच्या साहाय्याने घडवून आणण्याची पद्धती. असे कार्य करणाऱ्या आज्ञावलीस ‘एम्युलेटर’ किंवा अनुकारक म्हणतात. अनुकारकात मूळ यंत्राचा एकही भाग नसतो. त्या यंत्राचा प्रक्रियक, चित्र रेखणारी चिप, ध्वनिनिर्मितीचे मंडल व स्मृती यांचे वर्तन त्यात संख्यांच्या रूपाने मांडलेले असते. मूळ खेळातील आज्ञा एकेक करून वाचावयाची आणि तिच्यामुळे मूळ यंत्रात जो बदल झाला असता तो संगणकाच्या स्मृतीत घडवून आणावयाचा, असे त्याचे काम अखंड चालू असते. जुना खेळ नव्या संगणकासाठी पुन्हा लिहून काढणे ही निराळी गोष्ट होय. त्यात खेळच बदलतो; अनुकरणात खेळ अक्षरशः तोच राहतो.

ही कल्पना खेळांहून बरीच जुनी आहे. एक यंत्र दुसऱ्या कोणत्याही यंत्राचे काम करू शकेल, हे ॲलन ट्यूरिंग (१९१२–५४) यांनी १९३६ मध्ये तात्त्विक पातळीवर दाखवून दिले. व्यवहारात तिची गरज भासली ती आयबीएम कंपनीस. १९६४ मध्ये या कंपनीने ‘सिस्टिम/३६०’ ही नवी संगणकमालिका जाहीर केली, तेव्हा तिच्या ग्राहकांजवळ १४०१ या जुन्या संगणकासाठी लिहिलेल्या आज्ञावलींचे ढीग पडून होते. त्या टाकून देण्यास कोणी तयार होईना. तेव्हा नव्या यंत्रातच जुन्या यंत्राच्या आज्ञा समजण्याची सोय करण्यात आली व ‘एम्युलेशन’ ही संज्ञा संगणकविद्येत रूढ झाली. भारतीय रेल्वेनेही १९६० नंतरच्या दशकात १४०१ संगणक वापरले होते. मुंबईच्या वाचकास याहून जवळचे उदाहरण विक्रोळीला लागून असलेल्या पवई येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत पाहावयास मिळत असे. तेथे १९७४ मध्ये बसविण्यात आलेला ईसी–१०३० हा सोव्हिएट संगणक सिस्टिम/३६० च्या आज्ञासंचाबरहुकूम बांधलेला होता. अमेरिकन यंत्राची भाषा बोलणारे हे रशियन यंत्र म्हणजे अनुकारक आज्ञावली नव्हे. ती यंत्राने केलेली यंत्राची नक्कल होती. तथापि मूळ यंत्र दारात आले नाही तरी त्याची नक्कल येते आणि पुढे तीच घरची होऊन बसते, हा अनुभव भारतास व्हिडिओ खेळांच्या बाबतीत पुन्हा एकदा यावयाचा होता.

घरगुती खेळयंत्रांचा प्रारंभ राल्फ बेअर (१९२२–२०१४) यांच्या कल्पनेतून निघालेल्या ‘ओडिसी’ (१९७२) या यंत्रापासून मानतात. बदलता येणाऱ्या कॅसेटींची पद्धत १९७७ च्या अटारी यंत्राने लोकप्रिय केली. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे यंत्र म्हणजे जपानच्या निन्टेंडो कंपनीचे ‘फॅमिली कॉम्प्युटर’ (संक्षेपाने फॅमिकॉम) होय. मासायुकी उएमुरा (१९४३–२०२१) यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले हे यंत्र १५ जुलै १९८३ रोजी १४,८०० येन किंमतीस विक्रीस आले. अमेरिका व यूरोप येथे ते वेगळ्या पेटीत व ‘एनईएस’ या नावाने गेले. जगभरात त्याचे सु. ६ कोटी १९ लाख संच खपले. त्यात ८ बिटांचा एक प्रक्रियक, चित्रे रेखणारी स्वतंत्र चिप आणि अवघी २ किलोबाइट कार्यस्मृती होती. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) हा अजरामर ठरलेला खेळ एकूण ४० किलोबाइटांत मावतो.

वर दिलेल्या ६ कोटींच्या आकड्यात भारतातील बहुतेक घरे मोडत नाहीत. १९९० नंतरच्या दशकात येथे ‘व्हिडिओ गेम’ म्हणून जे मिळे ते मुख्यतः फॅमिकॉमच्या धर्तीवर बनविलेले यंत्र असे. ‘समुराई’, ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशी नावे त्या काळच्या मुलांना पाठ होती. फॅमिकॉमच्या चिपांची बरहुकूम नक्कल तैवानमध्ये तयार होऊ लागली होती व तिच्यावर आधारलेली, बहुधा परवान्याविना काढलेली यंत्रे आशिया, पूर्व यूरोप व दक्षिण अमेरिका येथे सर्वत्र पसरली. अधिकृत यंत्रे भारतात अगदीच आली नाहीत असे नाही. सेगा कंपनीने १९९५ मध्ये शॉ वॉलेस या कंपनीमार्फत आपले ‘मेगा ड्राइव्ह’ यंत्र येथे आणले. पण ८० टक्के आयातकर चुकविण्यासाठी अशी व्यवस्था करूनही त्याची किंमत १८,००० रुपये होती. ज्या घरात रंगीत दूरचित्रवाणी संचासाठीच हप्ते भरले जात, त्या घरात ते येणे शक्य नव्हते. विक्रोळीच्या कन्नमवारनगर, टागोरनगर यांसारख्या वसाहतींतून आणि एकूणच मुंबईच्या उपनगरांतून मारिओ पोहोचला तो नकली यंत्रातून. खेळाच्या साच्याला ‘कॅसेट’ म्हणत. ती चालेनाशी झाली की काढून तिच्यात फुंकर मारीत व पुन्हा बसवीत. (फुंकरीने धूळ जाण्याऐवजी बाष्पामुळे स्पर्शक गंजण्याचाच संभव अधिक असे. कॅसेट नुसती काढून पुन्हा बसविली तरी तेच साधत असे, पण हे त्या वयात कोणास पटणारे नव्हते.)

कॅसेटींवर ‘९९९९ इन १’ अशी संख्या छापलेली असे. प्रत्यक्षात अशा कॅसेटीत मोजके खेळ असत आणि बाकीची यादी त्याच खेळांच्या पुढल्या पायऱ्यांना निराळी नावे देऊन लांबविलेली असे. फसवणूक म्हणून ती सोडून देता येईल. परंतु तिच्यासाठी कॅसेटीत जादा मंडले बसवावी लागत आणि ती मंडले कशी चालत हे समजल्याशिवाय आज त्या कॅसेटीचे अनुकरण करता येत नाही.

नकली यंत्र मूळ यंत्रापासून एका बाबतीत निश्चितपणे वेगळे होते आणि ती बाब कानाला व हाताला जाणवणारी आहे. जपान व अमेरिका येथील दूरचित्रवाणी संच एनटीएससी पद्धतीचे, म्हणजे सेकंदास सु. ६० चित्रे दाखविणारे होते. भारतात १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू झाले ते पाल पद्धतीने, सेकंदास ५० चित्रांच्या हिशेबाने. निन्टेंडोने यूरोपातील पाल देशांसाठी जे यंत्र काढले त्यात प्रक्रियकाचा वेग १७.९ लक्षांवरून १६.६ लक्ष आवर्तनांपर्यंत उतरविण्यात आला होता. खेळाच्या आज्ञावली चित्ररेषांच्या हिशेबाने वेळ मोजीत असल्याने मूळ जपानी खेळ या यंत्रात पुष्कळदा बिघडत आणि ते यूरोपसाठी दुरुस्त करून घ्यावे लागत. तैवानच्या नकलाकारांपाशी दुरुस्त खेळांचा पुरवठा नव्हता. जपानी खेळ जसेच्या तसे पाल संचावर चालले पाहिजेत, ही त्यांची अडचण होती. त्यांनी ती फार हुशारीने सोडविली. यूरोपीय यंत्रात मूळ स्फटिकाच्या दोलनांना १६ ने भागून प्रक्रियकाचा ठोका काढला जाई. त्यांनी १५ ने भागले. त्यामुळे प्रक्रियकाचा वेग सु. १७.७ लक्ष आवर्तनांवर, जपानी यंत्राच्या अगदी जवळ येऊन ठेपला. प्रक्रियकाच्या एका ठोक्यास चित्रचिपाचे तीन ठोके हे मूळ प्रमाणही कायम राहिले. पाल चित्रातील जास्तीच्या ५० रेषा दृश्य चित्र संपल्यावर पण खेळाला ‘चित्र संपले’ हा इशारा देण्यापूर्वी रिकाम्या जाऊ देण्यात आल्या. खेळाच्या आज्ञावलीला आपण परक्या देशात चालत आहोत याचा पत्ताही लागू नये, अशी ही योजना होती.

परिणाम असा झाला, की अशा यंत्रात स्वर जवळजवळ मूळ उंचीचे राहिले, पण लय मंदावली. फॅमिकॉमच्या बहुतेक खेळांतील संगीत व हालचाल दर चित्रास एक पाऊल पुढे सरकते. चित्रे ६० ची ५० झाली, म्हणजे लय पाच-षष्ठांश झाली. ‘सुपर मारिओ’ मधील घड्याळ दर २४ चित्रांस एक अंक खाली येते. पहिल्या पायरीचे ४०० अंक जपानी यंत्रात सु. १६० सेकंदांत संपतात. नकली पाल यंत्रात त्यांना सु. १९२ सेकंद लागत. शिवाय यांपैकी पुष्कळ चिपांत ध्वनितरंगांच्या दोन आकारांची अदलाबदल झालेली होती, त्यामुळे त्याच स्वराचा पोतही बदलत असे. ही मूळ रचनेची चूक की सोय, हा प्रश्न गौण आहे. लक्षावधी मुलांनी ऐकलेला मारिओ हाच होता. आज अशी व्यक्ती संगणकावर अनुकारक चालविते तेव्हा तो मुळाप्रमाणे ६० चित्रांचा वेग घेतो व तिला खेळ भरधाव पळतो आहे, संगीत धापा टाकते आहे असे वाटते. अनुकारक बिघडलेला नसतो आणि त्या व्यक्तीची स्मृतीही चुकत नसते. दोन्ही यंत्रे खरीच होती.

संगणकावरील अनुकारकांचा इतिहास १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून सुरू होतो. त्या वेळी वैयक्तिक संगणकाचा वेग जुन्या खेळयंत्रांपेक्षा इतका वाढला होता, की एका आज्ञेच्या नकलेसाठी दहावीस आज्ञा खर्च केल्या तरी खेळ वेळेवर चालावा. मरात फैझुल्लिन यांचा ‘आयनेस’ हा अनुकारक १९९६ च्या सुमाराचा. खेळाच्या कॅसेटीतील मजकूर संगणकाच्या फाइलीत कसा साठवावा याची त्यांनी घालून दिलेली पद्धत त्या अनुकारकापेक्षा अधिक टिकाऊ ठरली. १९९७ मध्ये ‘नेस्टिकल’ हा वेगवान अनुकारक निघाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत निकोला साल्मोरिया या इटालियन आज्ञावलीकाराने ‘मेम’ हा प्रकल्प सुरू केला. सार्वजनिक खेळगृहांतील नाणे टाकून चालवावयाच्या यंत्रांचे दस्तऐवजीकरण हा त्याचा घोषित हेतू होता. खेळता येणे हे दस्तऐवज अचूक असल्याचा पुरावा मानला जाई. १९९९ मध्ये ‘निन्टेंडो ६४’ या तेव्हा बाजारात चालू असलेल्या यंत्राचा अनुकारक निघाला व हा विषय केवळ छंदिष्टांचा राहिला नाही.

प्रारंभीचे अनुकारक अचूक नव्हते. त्यांना तसे असणे परवडत नव्हते. ते प्रक्रियकाला एका चित्ररेषेपुरते पळवीत, मग चित्रचिपाला तेवढेच पळवीत. पण खेळलेखकांनी यंत्राच्या बारीकसारीक सवयींचा पुरेपूर उपयोग करून घेतलेला होता. ‘सुपर मारिओ’ मध्ये वरची गुणांची पट्टी स्थिर राहते आणि तिच्याखालील देखावा सरकतो. यासाठी पट्टीतील नाण्याच्या चित्राखाली एक खूण दडविलेली आहे. चित्रचिप त्या खुणेवर पोहोचली असे कळेपर्यंत खेळ थांबून राहतो आणि त्या क्षणी देखाव्याची सरक बदलतो. हा क्षण चुकला तर पट्टी थरथरते किंवा खेळ कायमचा अडकतो. ‘सुपर फॅमिकॉम’ (१९९०) या पुढच्या यंत्रावरील ‘स्पीडी गोन्झालेस’ या खेळाची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. त्यातील एका पायरीवर आज्ञावली चुकीने अशा पत्त्यावरून संख्या वाचते, की जेथे काहीच जोडलेले नाही. खऱ्या यंत्रात तारांवर नुकत्याच जाऊन गेलेल्या संख्येचा अवशेष तेथे मिळतो व खेळ पुढे सरकतो. अनुकारकात तो वर्षानुवर्षे तेथेच गोठत असे. ‘ब्यू’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या आज्ञावलीकाराने प्रत्येक ठोक्याचा हिशेब ठेवणारा अनुकारक रचला तेव्हा हे कोडे सुटले. मात्र त्यासाठी सु. ३५ लक्ष आवर्तनांच्या यंत्राची नक्कल करावयास सु. तीन अब्ज आवर्तनांचा संगणक लागला. २०१० मध्ये ‘व्हिज्युअल ६५०२’ या प्रकल्पाने फॅमिकॉमच्या प्रक्रियकाच्या पूर्वजाची चिप उघडून, सूक्ष्मदर्शकातून छायाचित्रे घेऊन तिच्यातील एकेक ट्रँझिस्टर नोंदला. शिलालेखाचा ठसा घेणाऱ्या पुराभिलेखविदाचे काम यापेक्षा फारसे निराळे नसते.

एवढ्या अचूकतेचा अट्टाहास कशासाठी, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर मूळ वस्तूंच्या आयुष्यात आहे. गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये टंकलेखनयंत्रांचे उत्पादन सुरू केले आणि २००९ मध्ये ते थांबविले. कंपनीच्या विक्रोळी येथील अभिलेखागारात त्या उद्योगाच्या वस्तू व कागदपत्रे जतन केली आहेत. टंकलेखनयंत्र कोरड्या जागी, तेलपाणी करून ठेवले तर शंभर वर्षांनीही अक्षर उमटवील, कारण त्याचे सारे ज्ञान त्याच्या दृश्य लोखंडात आहे. खेळयंत्राचे तसे नाही. नकली यंत्रांतील चिपा तर बहुधा काळ्या राळेच्या थेंबाखाली थेट पट्टीवर बसविलेल्या असत. एक बिघडली की सारे यंत्र निकामी होई. कॅसेटीतील खेळ डोळ्यांस दिसत नाही आणि तो विद्युत् भाराच्या रूपाने साठविलेला असल्यास हळूहळू पुसला जातो. काचेच्या नळीचे दूरचित्रवाणी संचही घरांतून नाहीसे झाले. या यंत्राबरोबर मिळणारी बंदूक त्या नळीवाचून चालत नाही. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होई, मग लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटे आणि बंदुकीतील प्रकाशग्राहक नळीवरील झपाट्याने सरकणारी प्रकाशरेखा टिपत असे. आजच्या सपाट पडद्यावर ती रेखाच नसते, म्हणून अनुकारकात बंदुकीचे काम उंदरावर भागवावे लागते. बदके पडतात, हात लांब करून नेम धरण्याची क्रिया मात्र अनुकरणाबाहेर राहते.

कायद्याच्या बाजूने पाहता अनुकारक व खेळ यांत भेद केला जातो. सोनी कंपनीने ‘प्लेस्टेशन’ यंत्राच्या अनुकारकांविरुद्ध भरलेल्या दाव्यांपैकी कनेक्टिक्स कंपनीवरील दाव्यात अमेरिकेच्या नवव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने २००० मध्ये असा निर्णय दिला, की यंत्राचे कार्य समजून घेण्यासाठी त्यातील आज्ञावलीची तात्पुरती प्रत करणे हा न्याय्य वापर होय. खेळाची प्रत वाटणे मात्र सर्वत्र प्रताधिकाराचा भंगच ठरतो. २०२४ च्या मार्चमध्ये ‘स्विच’ या चालू यंत्राचा ‘युझू’ हा अनुकारक बनविणाऱ्यांनी निन्टेंडोला २४ लक्ष डॉलर देण्याचे मान्य करून काम थांबविले. त्यात कुलूपबंद खेळ उघडण्याचा मुद्दा प्रमुख होता. याच निन्टेंडो कंपनीने २००६ पासून आपले जुने खेळ अनुकारकांच्या द्वारे पुन्हा विकले आहेत, हे ध्यानात ठेवलेले बरे.

भारतात १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमाचे कलम ५२ या बाबतीत बरेच उदार आहे. १९९४ व १९९९ च्या दुरुस्त्यांनी त्यात घातलेल्या तरतुदींनुसार कायदेशीर धारकास आज्ञावलीची राखीव प्रत करता येते, तिचे कार्य पाहून व तपासून त्यामागील तत्त्वे जाणून घेता येतात, इतर आज्ञावलींशी तिचा मेळ घालण्यासाठी लागणारी माहिती काढता येते आणि स्वतःच्या विनाव्यापारी उपयोगासाठी कायदेशीर रीत्या मिळविलेल्या प्रतीवरून प्रत करता येते. पण येथेच अडचण उभी राहते. भारतीय घरातील ‘९९९९ इन १’ कॅसेट मुळातच परवान्याविना छापलेली. तिच्या मालकाने दुकानात रोख पैसे मोजले असले, तरी ही सवलत त्याला लागू पडेल असे म्हणणे कठीण. ज्यांनी अधिकृत कॅसेट घेतली त्यांना कायदा प्रत ठेवू देतो, आणि ज्यांच्या कॅसेटीची दुसरी प्रत जगात क्वचितच कोठे नोंदलेली असेल त्यांना तो आधार देत नाही. ग्रंथ व वृत्तपत्रे यांची प्रत मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना देणे १९५४ च्या अधिनियमाने बंधनकारक केले. खेळांस तो लागू नाही. अमेरिकेसारख्या देशातही स्थिती समाधानकारक नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार तेथे निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात मिळेनासे झाले आहेत. तेथे निदान मूळ खेळांच्या याद्या आहेत. आपल्याकडे कोणती यंत्रे कोणी जोडली, त्यांत कोणत्या चिपा होत्या, कॅसेटींवर कोणती चित्रे व कोणत्या यादीने खेळ होते, याची माहिती अद्याप माळ्यावरच्या खोक्यांत आहे.

हे काम तांत्रिक दृष्ट्या अवघड राहिलेले नाही. कॅसेटीचे ६० स्पर्शक वाचणारे छोटे उपकरण संगणकास जोडून तिच्यातील मजकूर काही मिनिटांत उतरविता येतो. आयनेस पद्धतीच्या सुधारित नमुन्यात प्रत्येक खेळाच्या आरंभी १६ बाइटांची नोंद असते व तिच्यात मूळ यंत्राच्या कालमानासाठी एक जागा राखलेली आहे. तेथे ० म्हणजे जपानी व अमेरिकन, १ म्हणजे यूरोपीय पाल, २ म्हणजे दोन्हींवर चालणारा. नकली पाल यंत्रांसाठी ३ हा अंक ठरविण्यात आला आहे आणि ‘मेसेन’ सारखे अचूक अनुकारक तो पाहून वर वर्णन केलेली मंद लय आपोआप धरतात. या तिसऱ्या कालमानाचे रूढ नाव ‘डेंडी’. डेंडी हा १९९२ पासून रशियात विकला गेलेला अशाच प्रकारचा संच. तेथील छंदिष्टांनी आपली यंत्रे उघडून मोजली व लिहून ठेवली, म्हणून नाव त्यांच्या संचाचे पडले. समुराई किंवा लिटल मास्टर यांवर खेळलेल्या व्यक्तीला आपला मारिओ पुन्हा ऐकावयाचा असल्यास अनुकारकाच्या यादीत तिला याच नावाखाली शोधावे लागते.